मीठ, मद्य आणि रक्तदाब : पश्चिम खानदेशातील आहारनिग्रहाचा पूर्वेतिहास

उच्च रक्तदाबाच्या रुग्णास कोणत्याही दवाखान्यात आज जो उपदेश केला जातो त्याची कलमे आता सर्वपरिचित झाली आहेत. मीठ बेताने खावे, मद्य वर्ज्य करावे, तंबाखू सोडावी, भाजीपाला व कडधान्ये वाढवावीत, वजन आटोक्यात ठेवावे, नित्य चालावे. या उपदेशाच्या शास्त्रीयतेविषयी वाद उपस्थित करण्याचे प्रस्तुत लेखाचे प्रयोजन नाही. वैद्यकाने तो पुराव्यानिशी सिद्ध केला आहे. परंतु हाच उपदेश नंदुरबार जिल्ह्यातील धडगाव किंवा अक्कलकुवा येथील आरोग्यकेंद्रात एखाद्या भिल्ल किंवा पावरा गृहस्थास केला जातो, तेव्हा त्यामागे एक गृहीत उभे असते. ते असे की, मीठ आणि मद्य या केवळ त्याच्या व्यक्तिगत सवयी आहेत आणि समजूत पटली की माणूस सवय सोडतो. इतिहासाच्या अभ्यासकास हे गृहीत तपासून पाहणे भाग आहे. या प्रदेशात मीठ आणि मद्य या वस्तू शंभराहून अधिक वर्षे राज्यसत्तेच्या महसुलाच्या बाबी होत्या. मुंबई इलाख्यात त्यांचा कारभार एकाच अधिकाऱ्याकडे असे आणि त्याचे पदनामच मुळी ‘जकात, मीठ, अफू व अबकारी यांचा कमिशनर’ असे होते. आजचा वैद्य ज्या दोन वस्तू हात आखडून घ्या म्हणून सांगतो, त्या दोहोंचा हिशेब एका काळी एकाच कचेरीत ठेवला जात होता, ही गोष्ट केवळ योगायोगाची नव्हे.

दुसरीही एक गोष्ट येथे ध्यानात घेतली पाहिजे. याच भूमीत विसाव्या शतकात तीन वेळा लोकांनी सामुदायिक रीतीने मद्याचा त्याग केला, त्यांपैकी दोन वेळा त्याच्या जोडीने नित्याच्या राहणीतही पालट घडवून आणला. यांपैकी एकाही प्रसंगी कोणा वैद्याने त्यांस तसे सांगितले नव्हते. त्यांचे हेतू निराळे होते आणि त्या हेतूंतच त्यांच्या यशापयशाची कारणे सापडतात.

प्रथम वैद्यकाच्या बाजूचा वृत्तांत थोडक्यात सांगणे इष्ट होईल. रक्तदाब मोजण्याचे दंडास पट्टा बांधावयाचे यंत्र इटलीतील रिवा-रोची याने १८९६ साली सिद्ध केले, आणि श्रवणनळीने नाडीचा ध्वनी ऐकून वरचा व खालचा दाब निश्चित करण्याची रीत रशियन शल्यविशारद कोरोत्कोव्ह याने १९०५ साली मांडली. म्हणजे ‘उच्च रक्तदाब’ ही संज्ञाच आजच्या अर्थाने विसाव्या शतकाची आहे. मिठाशी असलेला तिचा संबंध पॅरिसमधील आंबार व बोजार या दोघा वैद्यांनी १९०४ मध्ये दाखवून दिला. मद्याशी असलेला संबंध फ्रेंच डॉक्टर लियां याने पहिल्या महायुद्धातील सैनिकांच्या तपासणीवरून १९१५ मध्ये नोंदविला. ही दुसरी नोंद मात्र पुढे जवळजवळ साठ वर्षे विस्मृतीत गेली आणि १९७० नंतरच्या दशकात तिचे महत्त्व नव्याने ओळखले गेले. अमेरिकेत केम्पनर याने १९४० च्या सुमारास भात, फळे व साखर एवढ्यावरच, जवळजवळ मीठविरहित आहारावर रुग्णांस ठेवून त्यांचा रक्तदाब उतरल्याचे दाखविले. पथ्य इतके कठोर होते की ते पाळणे सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरचे होते. यानंतर औषधांचे युग आले. त्यात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेच्या मुळ्यांचा रक्तदाबावरील परिणाम १९४९ साली ब्रिटिश हृद्रोगविषयक नियतकालिकात प्रसिद्ध केला आणि भारतीय वैद्यांस पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक असलेली ही वनस्पती जगाच्या औषधालयात जाऊन पोहोचली. आहाराकडे लक्ष पुनः वळले ते शतकाच्या अखेरीस. बत्तीस देशांतील बावन्न केंद्रांवर, दहा हजारांहून अधिक लोकांच्या तपासणीने झालेला ‘इंटरसॉल्ट’ हा अभ्यास १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या मोजक्या वन्य समाजांच्या आहारात मीठ अत्यल्प होते त्यांच्यात वयाबरोबर रक्तदाब वाढण्याची प्रवृत्ती जवळजवळ नव्हती असे त्यात आढळून आले. १९९७ च्या ‘डॅश’ या अमेरिकन प्रयोगात फळे, भाज्या व कमी स्निग्धांशाचे दूध यांवर भर दिलेल्या आहाराने उच्च रक्तदाबाच्या रुग्णांचा वरचा दाब सरासरी ११ मिलिमीटरांनी उतरला. एखाद्या औषधाने साधावा इतका हा परिणाम आहे.

या शास्त्रीय प्रगतीचा आणि सातपुड्यातील घडामोडींचा काळ एकच आहे. परंतु दोहोंची गाठ पडली नाही.

आता प्रदेशाकडे वळू. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झाला. त्यापूर्वी, म्हणजे १९०६ साली खानदेशाचे दोन भाग झाल्यापासून, हा मुलूख पश्चिम खानदेश म्हणून ओळखला जाई. उत्तरेस नर्मदा, मधून तापी आणि दोहोंच्या मध्ये सातपुड्याच्या रांगा. अक्राणी, अक्कलकुवा व तळोद्याचा वरचा भाग डोंगराळ, तर शहादा, नंदुरबार व तळोद्याचा खालचा भाग काळ्या मातीचा. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्यात जवळजवळ सत्तर टक्के वस्ती अनुसूचित जमातींची असून तीत भिल्ल, पावरा, मावची, कोकणी, धानका असे अनेक समाज येतात. डोंगरातील माणसाचे अन्न ज्वारी, मका व भगरीसारखी बारीक धान्ये यांचे. उडीद व तूर ही डाळींतील मुख्य. पावसाळ्यात रानभाज्या, उन्हाळ्यात मोहाची फुले, आणि आंबटपणासाठी वाळविलेल्या कैरीचा आमचूर. या आहारास डॅशच्या तक्त्यात बसवावयाचे झाल्यास दूध व फळे सोडता फारसे काही बदलावे लागणार नाही, ही गोष्ट मला विचारात घेण्याजोगी वाटते. चालण्याचा उपदेश तर येथे अनावश्यकच. आठवड्याच्या बाजारास जाण्यासाठी कित्येक मैलांचा डोंगर उतरावा व परत चढावा लागे.

या अन्नात मीठ मात्र बाहेरून येणारी वस्तू होती. डोंगरातील घराची जवळजवळ प्रत्येक गरज शिवारात आणि जंगलात भागे. मिठासाठी मात्र बाजार गाठावा लागे. रेल्वे येण्यापूर्वी लमाण-वंजाऱ्यांचे तांडे बैलांच्या पाठीवर समुद्रकाठचे मीठ आत आणीत व परतताना धान्य नेत. सुरत-अमळनेर हा तापी खोऱ्याचा लोहमार्ग एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीच्या सुमारास तयार झाला आणि मीठ नंदुरबारच्या पेठेत सुलभ झाले. सुलभ झाले, पण स्वस्त झाले नाही. १८४४ साली मुंबई इलाख्यातील मिठावरील कर मणास आठ आण्यांवरून एक रुपया करण्यात आला तेव्हा सुरतेत दंगा झाला आणि सरकारला तो बारा आण्यांवर आणावा लागला. परंतु १८८२ मध्ये सर्व ब्रिटिश हिंदुस्थानात दोन रुपयांचा एकसारखा दर ठरविण्यात आला, व १८८८ मध्ये तो अडीच रुपये झाला. हा कर १९४७ साली रद्द झाला. म्हणजे सुमारे एक शतकभर डोंगरातील भाकरीबरोबरची मिठाची चिमूट ही सरकारी तिजोरीतील भरणा होती. जोतीराव फुल्यांनी १८८३ साली लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात मिठावरील या करापायी गरीब कुणब्याची होणारी आबाळ निदर्शनास आणली आहे. १९३० साली गांधीजींनी दांडीच्या किनाऱ्यावर हाच प्रश्न उचलला. दांडी ते नवापूर हे अंतर फार नाही.

अशा समाजात मीठ हे कमी करावयाचे द्रव्य नव्हते, तर मिळवावयाचे होते. घाम गाळणाऱ्या माणसास मिठाची निकड असते आणि दुर्मीळ वस्तूस जो मान मिळतो तो मिठास मिळाला. पाहुण्यास मीठ-मिरची व भाकरी देणे हा आदर मानला गेला. आज पिशवीबंद मीठ स्वस्तात मिळते, त्याचा हात सैल झाला आहे. परंतु हा सैलपणा दोन पिढ्यांच्या आतला आहे हे विसरून चालणार नाही. ‘मीठ कमी करा’ हे वाक्य ज्याच्या आजोबाने मिठासाठी डिंक आणि मध दिला त्याच्या कानास कसे लागत असेल, याचा विचार आरोग्यशिक्षणाच्या पुस्तिका लिहिणाऱ्यांनी क्वचितच केलेला दिसतो.

मद्याची कथा याहून गुंतागुंतीची आहे आणि तिच्याकडेच अधिक लक्ष देणे जरूर आहे. मोहाचे झाड हे या लोकांच्या संसाराचा आधार होते. फाल्गुन-चैत्रात पहाटे गळणारी फुले वेचून वाळवावीत, दुष्काळात ती शिजवून खावीत, बियांचे तेल काढावे, आणि फुले आंबवून दारू गाळावी, असा क्रम. याहा मोगी म्हणजे देवमोगरा मातेस तिची धार टाकल्याशिवाय नवस पुरा होत नसे. सोयरीक ठरविताना, पंचांपुढे तंटा मिटविताना, पेरणीस आणि मयतीस दारू लागे. या व्यवस्थेस १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने धक्का दिला. घरी दारू गाळणे गुन्हा ठरले. गाळण्याचे काम सरकारी देखरेखीखालील मध्यवर्ती भट्टीत एकवटण्यात आले, तीव्रतेचे प्रमाण ठरवून देण्यात आले आणि विक्रीचा मक्ता लिलावाने देण्यात येऊ लागला. या पद्धतीचा मुख्य शिल्पकार चार्ल्स प्रिचर्ड हा मूळचा मीठखात्याचाच अधिकारी. मिठाचा मक्ता आणि दारूचा मक्ता यांच्या कल्पनेत जे साम्य दिसते ते अशा रीतीने एका माणसाच्या कारकिर्दीतही दिसते. १८९२ मध्ये ठाणे व कुलाबा या जिल्ह्यांपुरता मोहाची फुले बाळगण्यावरच निर्बंध घालणारा कायदा करण्यात आला, त्यावरून सरकारचे धोरण कोणत्या टोकास गेले होते हे कळून येईल.

याचा परिणाम मद्यपान कमी होण्यात झाला काय? तसे झाले नाही. अबकारी हे मुंबई सरकारचे जमीनमहसुलाखालोखालचे उत्पन्न बनले. मक्तेदार, ज्यांत पारशी व्यापाऱ्यांचा भरणा मोठा होता, दुकानांची संख्या व उधारी वाढविण्यात गुंतले. दारूच्या उधारीत पीक गेले, पिकाबरोबर जमीनही गेली. पूर्वी सणावारी आणि ऋतुमानाने घेतले जाणारे पेय बारमाही झाले. जे घरचे होते ते दुकानाचे झाले. रक्तदाबाच्या दृष्टीने पाहता प्रसंगोपात्त मद्य आणि नित्याचे मद्य यांतील भेद फार मोठा आहे. तेव्हा या बदलाची नोंद केवळ महसुलाच्या इतिहासात नव्हे तर रोगाच्या इतिहासातही व्हावयास हवी.

या पार्श्वभूमीवर १९२२ सालची देवीची चळवळ पाहिली पाहिजे. पालघर भागातील समुद्रकाठच्या कोळी वस्तीतून निघालेली ही लाट सुरगाणा व डांगमार्गे दक्षिण गुजरातेत पोहोचली. १९२२ च्या अखेरीस नवापूरला लागून असलेल्या सोनगढ-व्यारा टापूत गावोगाव मांडव पडू लागले. देवांच्या बायांचा अवसर म्हणावा तसा प्रकार होता. सलाबाई नावाची देवी माणसांच्या अंगात येई आणि तिच्या मुखाने आज्ञा निघत. दारू व ताडी सोडा, मांस-मासे सोडा, रोज स्नान करा, घर-अंगण स्वच्छ ठेवा, पारशाच्या दुकानात व शेतात जाऊ नका. डेव्हिड हार्डिमन या इतिहासकाराने या चळवळीचा जो सविस्तर अभ्यास केला आहे त्याचे मर्म असे की, ही केवळ वरिष्ठ जातींच्या आचारांची नक्कल नव्हती. सत्तेची जी चिन्हे होती ती आदिवासींनी स्वतःकडे ओढून घेतली आणि ज्या मक्तेदाराच्या पकडीत ते सापडले होते त्याची मिळकतच बंद पाडली. हे मत मला ग्राह्य वाटते. मात्र त्यास एक पुरवणी जोडावीशी वाटते. आज्ञांच्या यादीत दारू ही पहिली होती आणि ती सोडणे हे सर्वांत अवघड होते, कारण ती सोडणे म्हणजे जुन्या दैवतांशी, सोयऱ्यांशी आणि पंचांशी असलेला व्यवहार नव्याने बांधणे होते. असे काम एकट्या माणसाच्या निश्चयाने होत नाही. गावाने एकदम केले म्हणूनच ते होऊ शकले.

वर्षभरात पुष्कळांनी पुनः प्याला हाती घेतला. गावे दुभंगली. ज्यांनी वर्ज्य केले ते ‘वरजेला’ आणि जे परतले ते ‘सरजेला’ अशी दोन नावे रूढ झाली, त्यांच्यात रोटीबेटीचा दुरावाही उत्पन्न झाला. आजच्या वैद्यकीय लेखनात ज्यास पथ्याचे सातत्य म्हणतात त्या प्रश्नास येथे असे सामाजिक रूप आले. पथ्य मोडणारा मनुष्य दुबळा ठरला नाही, तो दुसऱ्या पंक्तीत जाऊन बसला. याउलट वरजेल्यांत पथ्य पाळणे हे प्रतिज्ञेच्या रक्षणापेक्षा नात्याच्या रक्षणाचे काम झाले, आणि म्हणून ते पिढीपर्यंत टिकले.

दुसरा प्रसंग १९३८ चा, आणि तो पूर्णपणे नंदुरबारच्या मातीतला आहे. तळोदे तालुक्यातील मोरवड गावच्या गुला महाराज या भिल्ल मजुराने आरतीचा एक साधा विधी सुरू केला. दारू सोडावी, रोज स्नान करावे, चोरी करू नये, आणि एकमेकांस ‘आप’ म्हणावे. शेवटचे कलम वाचकांस किरकोळ वाटेल, पण ते तसे नाही. ज्यास सावकार, फौजदार व पाटील पिढ्यान्‌पिढ्या ‘अरे-तुरे’ करीत आले त्याने आपल्या शेजाऱ्यास ‘आप’ म्हणणे ही सर्व शिकवणुकीची किल्ली होती. ‘आप की जय’ या घोषास हजारोंचा समुदाय जमू लागला. गुला महाराज त्याच वर्षी वारले. त्यांचे बंधू रामदास महाराज यांनी आरती पुढे चालविली. सरकारचा त्यांच्यावर रोष झाला, तो समजण्याजोगा आहे. दारूच्या दुकानांवर अवलंबून असलेले आणि स्वस्त मजुरीवर अवलंबून असलेले अशा दोन्ही वर्गांस ही आरती अडचणीची झाली होती. या पंथाचे अनुयायी पुढेही राहिले. महाराष्ट्राबाहेर शेजारच्या प्रदेशातही त्यांची वस्ती आहे.

याच सुमारास महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकास, वर्ध्याजवळच्या शेगाव खेड्यात, ज्यास पुढे सेवाग्राम हे नाव मिळाले, गांधीजी उच्च रक्तदाबाने आजारी होते. १९३७ च्या डिसेंबरात त्यांस विश्रांतीसाठी मुंबईस जुहू येथे नेण्यात आले आणि त्यांच्या प्रकृतीची वार्ता वृत्तपत्रांतून येत असे. दारूस न शिवणारा, शाकाहारी, नित्य मैलोगणती चालणारा, दक्षिण आफ्रिकेत दीर्घकाळ मीठही सोडून राहिलेला हा पुरुष. त्यासही रक्तदाबाने सोडले नाही. आहाराने सर्व काही साधते असे मानणाऱ्यांनी हे उदाहरण ध्यानात ठेवावे. वय, अनुवंश आणि कामाचा ताण यांचा भाग आहारापेक्षा निराळा असतो. तथापि त्याचा उलट अर्थ काढणेही चुकीचे होईल. गांधीजींचा दाब मोजला जात होता म्हणून तो कळला. मोरवडच्या आरतीस जमलेल्या मजुरांपैकी कोणाच्या दंडास तो पट्टा बांधला गेला असण्याचा संभवच नव्हता. १९३८ साली एका देहाच्या रक्तदाबाची चिंता देशास होती. त्याच वेळी दुसरीकडे हजारो देह वैद्यकाच्या दृष्टीने अचूक असे पथ्य धरून बसले होते, आणि वैद्यकास त्याची वार्ताही नव्हती.

स्वातंत्र्यानंतर १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने राज्याने आपली भूमिका उलटी केली. ज्या सरकारने घरची भट्टी महसुलासाठी मोडली होती त्याच्याच वारसाने ती आता नीतीसाठी मोडावयास घेतली. खेड्यातील माणसास हेतूंतला हा फरक फारसा जाणवला नसावा, कारण दोन्ही वेळा दारात येणारा शिपाई तोच होता. कायद्याने दारू नाहीशी झाली नाही, ती चोरून विकणाऱ्यांच्या हाती गेली. पुढे बंदी शिथिल झाली आणि महसूल पुनः सुरू झाला, तो आजतागायत चालू आहे.

तिसरा प्रसंग शहाद्याचा. तापीकाठच्या बागायतीत ऊस आणि केळी आली, सालदारकी वाढली आणि आदिवासींच्या जमिनी सधन बागायतदारांकडे गेल्या. १९७१-७२ मध्ये अंबरसिंग सुरतवंती या भजने गाणाऱ्या तरुण भिल्ल कार्यकर्त्याच्या व सर्वोदयी व डाव्या विचारांच्या तरुणांच्या पुढाकाराने श्रमिक संघटना उभी राहिली. जमीन आणि मजुरी हे तिचे प्रश्न. परंतु १९७२-७३ च्या सुमारास संघटनेतील स्त्रियांनी तिसराच प्रश्न पुढे केला. त्या टोळीने गावोगाव जाऊन दारूची मडकी फोडू लागल्या आणि दारू पिऊन बायकोस मारणाऱ्या पुरुषास चार लोकांसमोर उभे करू लागल्या. अभ्यासकांनी आधुनिक महाराष्ट्राच्या स्त्रीमुक्ती चळवळीच्या उगमांत या घटनेची गणना केली आहे, ती योग्यच आहे. येथे ना देवी होती ना आरती. मजुरी हाती पडावी आणि ती दुकानात जाऊ नये, एवढा व्यवहारी हेतू होता. देवीच्या आणि आपच्या चळवळीत नियम पुरुषांसाठी पुरुषांनी घातले होते. शहाद्यात तो घालणाऱ्या त्या होत्या ज्यांस दारूची किंमत अंगावर मोजावी लागत असे. अंबरसिंग १९७४ साली अकाली वारले आणि संघटनेचा पुढचा इतिहास चढउतारांचा आहे. तो येथे सांगण्याचे कारण नाही.

आता वर्तमानाकडे. आदिवासी समाजात रक्तदाब नसतो, तो शहरी बैठ्या माणसाचा रोग आहे, अशी समजूत सुशिक्षितांत अद्याप आढळते. डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीने २०१८ मध्ये सादर केलेल्या अहवालाने ती खोटी ठरविली. देशातील आदिवासी प्रौढांपैकी सुमारे दर चौघांत एकास उच्च रक्तदाब आहे. याची कारणे नंदुरबारच्या संदर्भात शोधावयाची झाल्यास सवयींपलीकडे जावे लागते. सरदार सरोवराने महाराष्ट्रातील ३३ गावे बाधित झाली, ती सर्व याच जिल्ह्याच्या नर्मदाकाठची. त्यांतील पुष्कळ कुटुंबे तळोदा-शहाद्याच्या सपाटीवर आली आणि त्यांच्या ताटातील बारीक धान्ये व रानभाज्या मागे राहिल्या. शिधापत्रिकेवरील तांदूळ-गहू, पेठेतील तेल, पाकिटातील खारट खाऊ ही जागा घेत आहेत. दिवाळीनंतर हजारो कुटुंबे मुकादमाकडून उचल घेऊन दक्षिण गुजरातेतील साखर कारखान्यांच्या उसाच्या तोडीस जातात. पालातील जेवण म्हणजे भाकरी, तिखट आणि मीठ. कोयता हाती असलेल्या या माणसास भाज्या वाढवा असे सांगणे ही थट्टा नव्हे काय? शिवाय हा जिल्हा कुपोषणासाठी कुप्रसिद्ध आहे. जन्मतः वजन कमी असलेल्या बालकास प्रौढपणी रक्तदाबाचा धोका अधिक असतो, हे इंग्लंडातील बार्कर यांनी १९८० नंतरच्या संशोधनात दाखविले, आणि पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या कार्याने माता-अर्भकांच्या पोषणाचा पुढील रोगांशी असलेला संबंध महाराष्ट्रातील खेड्यांत तपासला. म्हणजे काही अंशी हा रोग आईच्या भुकेपासून सुरू होतो. वजन कमी करण्याचे कलम अशा ठिकाणी वाचून दाखवावयाचे नसते.

उपदेश निरुपयोगी आहे असे यावरून मी म्हणत नाही. मीठ कमी केल्याने दाब उतरतो. चीनमधील ६०० खेड्यांत सोडियमचा काही भाग पोटॅशियमने बदललेले मीठ वापरून पक्षाघाताचे प्रमाण घटल्याचे २०२१ साली दिसून आले. त्या प्रयोगात कोणास सवय सोडावयास सांगितले नव्हते, गावास मीठच दुसरे देण्यात आले होते. हा भेद मोलाचा आहे. आमचूराच्या आंबटपणाने मिठाची गरज काही अंशी भागते हे अक्राणीच्या गृहिणीस शिकवावयास नको. तिचा आमचूर व्यापाऱ्यास विकून पेठेतील मसाल्याची पुडी विकत घेण्याची वेळ तिच्यावर का येते, हा प्रश्न मात्र अर्थव्यवहाराचा आहे आणि त्याचे उत्तर आरोग्यकेंद्रात मिळणार नाही.

दारूच्या बाबतीत शहाद्याच्या स्त्रियांचा वारसा महाराष्ट्राच्या नियमांत एका मर्यादेपर्यंत शिरला आहे. गावातील स्त्री-मतदारांनी मागणी केल्यास दारूच्या दुकानाविषयी गुप्त मतदान घेण्याची तरतूद आहे. त्या मतपत्रिकेवर उभी आणि आडवी अशा दोन बाटल्यांची चित्रे असतात, आणि आडव्या बाटलीस पुरेशी मते पडली तर दुकान उठते. नियम परवानाधारक दुकानापुरता आहे. मोहाच्या घरगुती भट्टीस परवाना नसल्याने तिच्यावर असे मत घेता येत नाही. पाड्यांवरील बायका तेथे अजूनही मडकी फोडण्याचाच मार्ग धरतात.